कोट्यातली बाटली

सुभेदार आबा नसते तर आज मी कुठं असतो, हे मला नेमकं सांगता येतं. हळद शिजवणाऱ्या कुकरवर असतो, माझ्या धाकट्या भावाशेजारी. आबांचं खरं नाव गणपतराव. फौजेतून सुभेदार होऊन निवृत्त झाले, तेव्हापासून सांगली जिल्ह्यातल्या आमच्या कृष्णाकाठच्या गावात सगळे त्यांना सुभेदार आबा म्हणतात आणि मी नुसतं आबा म्हणतो. आमचं रक्ताचं नातं नाही. माझे वडील त्यांच्या रानात कामाला होते, एवढाच संबंध. बारावीनंतर कराडच्या कॉलेजात प्रवेश घ्यायच्या दिवशी वडिलांना सरळ उभं राहता येत नव्हतं. तेव्हा पालकाच्या रकान्यात आबांनी सही केली. ‘मुलगा तुमचा कोण?’ असं खिडकीतल्या बाईंनी विचारलं, तर म्हणाले, ‘आमचा जवान हाय.’ पुढं माझी पुस्तकं, खोली, एस. टी.चा पास, सगळं त्यांनी पाहिलं आणि कधी त्याचा उच्चार केला नाही. आमच्या घराण्यातला पहिला पदवीधर मी. आज शिरवळच्या एका ज्युनिअर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवतो. हे सगळं आधीच सांगून टाकतो आहे, कारण पुढं जे लिहिणार आहे ते वाचून कुणीही मला कृतघ्न म्हणेल. म्हणू दे.

फेब्रुवारी सरत आला की शिरवळहून गावाकडं जाताना कराड मागं पडतं आणि कधीतरी गाडीच्या काचेतून तो वास आत येतो. शिजणाऱ्या हळदीचा वास डब्यातल्या हळदीसारखा नसतो. त्यात ओली माती असते, जळत्या पाल्याचा धूर असतो आणि घशाला लागणारं काहीतरी कडवट, औषधी असतं. मळ्यामळ्यातून पांढऱ्या वाफेचे लोट उठतात. बायका ओळीनं बसून गड्डे आणि हळकुंडं वेगळी करत असतात. त्यांची बोटं, नखं, बांगड्या, पदराची टोकं, सगळं पिवळं. रस्त्याच्या कडेला, शाळेच्या मैदानात, देवळासमोरच्या फरशीवर, जागा मिळेल तिथं हळद वाळत पडलेली. त्या दिवसांत आमचा गाव उन्हाच्याच रंगाचा होतो. मला हा हंगाम दिवाळीपेक्षा आवडायचा. आता मी काच वर करतो.

ज्या वर्षी दारूचे दर चढले, त्या वर्षीच्या हंगामाबद्दल मला बोलायचं आहे.

मागणीचा नियम मी दरवर्षी शिकवतो. किंमत वाढली की मागणी घटते. पुस्तकात उदाहरण सफरचंदाचं असतं. आमच्या वर्गातल्या मुलांच्या घरी सफरचंद कुणी आजारी पडल्याशिवाय येत नाही, म्हणून त्या वर्षी मी फळ्यावर सरळ ‘क्वार्टर’ असा शब्द लिहिला. वर्ग हसला. मग मागच्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. तिचे वडील औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला होते.

‘सर, क्वार्टर महाग झाली तर आमचे पप्पा क्वार्टर नाही सोडणार. दूध सोडतील.’

मी तिला लवचिकता समजावली. काही वस्तूंची मागणी चटकन हलत नाही, पण काळ जाईल तसा फरक पडतो, नवीन पिणारे कमी होतात, थोडं पिणारे थांबतात, असं सगळं. ती खाली बसली. तिनं वहीत ते लिहून घेतलं. आज त्या वहीची मला लाज वाटते, पण मी जे सांगितलं ते खोटं नव्हतं. ‘पिणारा कितीही महाग झाली तरी पिणारच’ हे वाक्य मी आयुष्यभर ऐकत आलो आहे आणि बहुतेक वेळा ते पिणाऱ्याच्या किंवा विकणाऱ्याच्या तोंडून ऐकलं आहे. त्या वाक्यात दारुड्याबद्दल दया नाही, आपल्या सोयीची राखण आहे. कर वाढवणाऱ्यांनाही मी काही संत समजत नाही. त्यांना माणूस सुटावा असं वाटतं की तिजोरी भरावी, हे त्यांचं त्यांना माहीत. तरीही मी तेव्हा एका दैनिकाला पत्र लिहिलं, ‘दर आणखी वाढवा’. ते छापून आलं. आजही मी त्यातला एक शब्द मागं घेणार नाही.

कारण माझ्या डोळ्यांसमोर विलास होता.

विलास माझा धाकटा भाऊ. मी शिकलो, तो राहिला. आबांनी त्यालाही कॉलेजात घालायचं म्हटलं होतं, पण वडील गेले, आईला कुणीतरी घरात हवं होतं, आणि तो कुकरवर गेला. हळदीच्या दिवसांत कुकरवर, इतर वेळी मिळेल त्या मजुरीवर. संध्याकाळी एक क्वार्टर हा त्याचा नेम. दर चढले त्या पावसाळ्यात मी गावी गेलो, तर दिवेलागणीच्या आधीच हा घरात, पाटावर, लेकीला पाढे विचारत बसलेला.

‘आज घरात?’ मी विचारलं.

‘परवडंना की दादा. तुज्या सरकारनं आमचा कार्यक्रमच बंद केला.’

‘सरकार माझं कुठलं?’

‘मग कुणाचं? पेपरात तूच लिवतूस न्हवं?’

आधी रोजची एक दिवसाआड झाली, मग आठवड्याच्या बाजाराची, आणि गणपती बसले तेव्हा बंदच. कुणाला शपथ घातली नाही, माळ घातली नाही, देवाला बोलला नाही. दुकानाच्या जाळीपुढं उभं राहायचं, दर ऐकायचा आणि मागं फिरायचं, असं करत करत सुटली. त्याची बायको सुवर्णा चुलीपुढं बसून तक्रार करायची, ‘दादा, ह्ये संध्याकाळी घरात असत्यात, मला सवयच न्हाई. भाकरी जाड झाली म्हणत्यात. आजवर कवा भाकरीकडं बघितलं न्हवतं.’ आई पदरात तोंड लपवून हसायची. भाकरी जाड झाल्याची तक्रार आमच्या घरात त्यापूर्वी कुठल्याच पुरुषानं शुद्धीवर केली नव्हती.

गावातले सगळे असे सुटले नाहीत. काही जण हातभट्टीकडं वळले, काही जणांनी घरातल्या दुसऱ्या कशावर तरी कात्री चालवली. मागच्या बाकावरची ती मुलगी खोटं बोलत नव्हती. पण माझा भाऊ सुटला होता. फळ्यावर काढलेली रेषा माझ्या घरात, चुलीजवळच्या पाटावर येऊन बसली होती. मी फुगलो होतो, हे कबूल करतो.

आता आबांच्या ट्रंकेबद्दल.

निवृत्त फौजींना कॅन्टीनमधून महिन्याला ठरावीक बाटल्या मिळतात. आमच्याकडं त्याला कोटा म्हणतात. दर दुकानापेक्षा कितीतरी कमी. आबा दारूच्या थेंबाला शिवत नाहीत. फौजेतल्या कडाक्याच्या थंडीतही आपली रम शेजारच्याला देत आलो, हे ते अभिमानानं सांगतात. पण कोटा मात्र एकही महिना सोडत नाहीत. मी एकदा विचारलं होतं, ‘आबा, तुम्ही घेत नाही, मग उचलता कशाला?’ तर त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जसा मी ताटात भात टाकून उठलो होतो.

‘आरं, न्हाई उचलला तर लॅप्स हुतो. हक्काचं राशन हाय त्ये. फौजेनं दिल्यालं वाया घालवायचं?’

त्या बाटल्या हिरव्या लोखंडी ट्रंकेत जातात आणि तिथून गावभर. खांबावर चढणाऱ्या वायरमनला एक. विहिरीवरची जळालेली मोटर पुन्हा भरून देणाऱ्याला एक. ट्रॅक्टरवाल्याला, बांध घालणाऱ्याला, आणि हळदीच्या दिवसांत कुकरवरच्या गड्यांना. मजुरी वेगळी, ती आबा पै न् पै चोख देतात. बाटली ही मजुरीच्या वरची. खुशीची. आमच्याकडच्या फौजींच्या घरांत ही रीत आहे आणि त्यात कुणाला काही वावगं वाटत नाही. माझ्या वडिलांनाही सुगीच्या दिवसांत तीच मिळायची. आबांच्या हातून बाटली मिळाली हे ते घरी येऊन सांगायचे, शाळेत बक्षीस मिळाल्यासारखं.

आणि कॅन्टीनला आबांना नेतो कोण? मी. गाडी घेतली तेव्हापासून. ज्यानं मला एस. टी.चा पास काढून दिला त्याला गाडीतून नेण्याची संधी मला मिळते, याचं मला केवढं समाधान होतं! महिन्यातला एक शनिवार मी आबांसाठी राखून ठेवायचो. रांगेत त्यांच्या शेजारी उभा राहायचो, जुने फौजी मला ‘सुभेदारसाब का लडका’ समजायचे, मी दुरुस्त करायचो नाही. पेटी मी उचलायचो. फुटू नये म्हणून घोंगडीत गुंडाळून मागच्या सीटवर ठेवायचो.

माझं पत्र छापून आलं त्या महिन्यातला शनिवार मला लख्ख आठवतो. आबांनी कात्रण खिशात घडी घालून आणलं होतं. परतताना चष्मा लावून त्यांनी ते मला मोठ्यानं वाचून दाखवलं, मीच लिहिलेलं, मलाच.

‘लय बेस लिवलंस. आजून वाढवाय पायजेत दर. गाव सुधरंल त्याबिगर न्हाई.’

‘व्हय आबा.’

गतिरोधक आला. मागच्या सीटवर घोंगडीतल्या बाटल्या एकमेकींवर आपटल्या. ‘दमानं, दमानं,’ आबा म्हणाले आणि पुढचा परिच्छेद वाचायला लागले. आम्ही दोघंही खरं बोलत होतो. दोघांनाही मागं काय वाजतंय ते ऐकू येत होतं. आणि दोघांपैकी एकाच्याही डोक्यात काही जुळलं नाही.

हंगाम सुरू झाला. आबांच्या रानात कुकर लागला तो दिवस शनिवारच होता, म्हणून मीही गेलो. बॉयलरखाली वाळका पाला आणि लाकडं धडधडत होती, पाइपातनं वाफ ड्रममध्ये शिरत होती. हळद शिजली की नाही हे ठरवणं विलासचं काम. त्याला घड्याळ लागत नाही. तो ड्रमजवळ वाकतो, वास घेतो, एक हळकुंड काढून त्यात काडी खुपसतो, आणि नुसता हात वर करतो. की ड्रम कलंडतो आणि वाफाळती पिवळी रास ताडपत्रीवर ओतली जाते. ‘विलासनं हात वर केला म्हंजी सांगलीत भाव चुकत न्हाई,’ असं कुकरचा मालक बाजीराव म्हणायचा. मी बांधावर खुर्चीत बसून चहा पीत होतो. भावाकडं बघून मला वाटलं, हाही काहीतरी शिकला आहे, माझ्याइतकंच.

त्या वर्षी कुकरवरची बाटली जवळजवळ बंद झाली होती. दुकानातून विकत आणून गड्यांना पाजणं शेतकऱ्यांना परवडेना. कुणी भजी देत होतं, कुणी दुपारचा जादा चहा. वर्षानुवर्षांची रीत नुसत्या दरानं मोडली होती, हेही मला माझ्याच पत्राचं यश वाटत होतं. ऊन उतरताना शेवटचा ड्रम रिकामा झाला आणि आबा घराकडून चालत आले. पांढरा सदरा, ताठ पाठ, हातात बाटली.

‘विलास, इकडं ये. दुकानात ही आता कितीला गेलीया, ठावं हाय का? घ्या. पोरांनी आज जीव तोडून काम केलंय.’

विलास हात पुसत उभा राहिला. ‘नगं आबा. सोडलीया म्या.’

‘सोडलीस? शाबास. मग आजचा दीस घे, उद्यापास्नं सोड.’ गडी हसले.

बाजीराव म्हणाला, ‘आरं, सुभेदार सोताच्या हातानं देत्यात आणि नगं म्हंतूस? येवढा मोटा झालास व्हय रं? भाव मास्तर झाला म्हून?’

विलासनं माझ्याकडं बघितलं. मी चहाचा कप दोन्ही हातांत धरला होता. कपात काही उरलं नव्हतं तरी मी तो तोंडाला लावला. आबांना नाही म्हणायचं असतं हे आमच्या घरात कुणी कुणाला शिकवलंच नव्हतं. मी जर तेव्हा ‘आबा, नको त्याला’ एवढं म्हटलं असतं तर आबांनी बाटली परत नेली असती, एवढा माझा मान होता त्यांच्याकडं. पण तो मान मला इतका प्रिय होता की तो मी खर्चला नाही.

विलासनं बाटली घेतली. आधी कपाळाला लावली, मग बाजीरावकडं दिली, आणि मग सगळ्यांबरोबर बसला.

दर वाढवून दारू कमी होते का? होते, जी विकत घ्यावी लागते ती. आमच्याकडं जी हातात ठेवली जाते, तिचं काय? उलट झालं. दुकानात दर चढला तसा आबांच्या बाटलीचा मान चढला. पूर्वी ती नुसती बाटली होती, आता ते मोठं बक्षीस झालं. पूर्वी नको म्हटलं असतं तर चाललं असतं, आता नको म्हणणारा माजला ठरला. दर वाढवणाऱ्यांनी हे बघितलं नाही, मी बघितलं नाही. आणि फळ्यावर रेषा काढताना आपण धरून चाललेलो असतो की त्या रेषेवरचा माणूस तोच राहतो. श्रावणातला विलास दर ऐकून मागं फिरत होता. त्या शनिवारनंतरचा विलास दर विचारतच नव्हता. घरातल्या कोंबड्या गेल्या, त्याची सायकल गेली, लेकीचं नवं दप्तर गेलं. आता तोच चढा दर त्याच्या घराच्या मानेवर बसला होता. शिरवळच्या माझ्या विद्यार्थिनीनं सांगितलेलं सगळं आमच्या घरात क्रमानं घडलं.

आणि तो पिवळा पडत गेला.

हळदीच्या दिवसांत पिवळ्या माणसाकडं कोण बघतं? हात पिवळे, मान पिवळी, बनियन पिवळं. डोळे पिवळे दिसले तर वाफेनं झाले. लघवी पिवळी झाली तर म्हणे हळद नाकातोंडात जाते, दरवर्षी होतं. जेवण जात नाही तर म्हणे वासानं पोट भरतं. गड्डे मोडणाऱ्या वच्छीआक्का त्याला बघून ओरडायच्या, ‘काय रं विलास, नवरदेव दिसतूयास की! वरात कवा?’ बायका खळखळून हसायच्या. तोही हसायचा. मी दर आठवड्याला गावी जात होतो. मीही बघत होतो. पदवीधर माणूस.

पाडवा झाला. हळद वाळली, पॉलिश झाली, सांगलीला गेली. गावातल्या बायकांची बोटं हळूहळू आपल्या रंगावर आली. चैत्रातल्या एका दुपारी दोन तासांच्या मध्ये सुवर्णाचा फोन आला. ती रडत नव्हती, तिला काही कळत नव्हतं.

‘दादा, समद्यांची हळद उतरली. यांची उतरंना. साबणानं घासलं, लिंबू लावलं. न्हाईच जात.’

मी खडू टाकून निघालो. मिरजेच्या दवाखान्यातल्या डॉक्टरनं विलासच्या डोळ्याची खालची पापणी ओढून बघितली. डॉक्टर माझ्याहून लहान होता. ‘हे किती दिवसांपासून आहे?’ सुवर्णा माझ्याकडं बघायला लागली, मी आईकडं. ‘तुम्ही तर शिकलेले दिसता,’ तो मला म्हणाला. ‘डोळे नाही बघितलेत?’ यकृताची काय अवस्था आहे ते त्यानं सांगितलं. यातून उठेल, म्हणाला, पण पुन्हा प्यायला तर मी पुन्हा उठवू शकेन असं समजू नका.

तिसऱ्या दिवशी आबा आले. एवढ्या उन्हात, एस. टी.नं, पिशवीत मोसंबी घेऊन. विलासच्या उशाशी बसले, त्याच्या केसांतून हात फिरवला. त्यांचे डोळे भरले होते, ते खरे भरले होते. ‘दारूनं वाटुळं केलं बघ पोराचं,’ ते मला म्हणाले. ‘सरकारनं बंदच कराय पायजे ही.’ दारू जणू पावसाबरोबर कुठून तरी वाहून आली होती. मी वाकून त्यांच्या पाया पडलो. का पडलो? सवयीनं. उठताना मला असा राग आला की मी बाहेर व्हरांड्यात जाऊन उभा राहिलो. तो राग दारूवर नव्हता. दारू बाटलीत गप असते. तिला कुणीतरी उचलावं लागतं, घोंगडीत गुंडाळावं लागतं, गतिरोधकावर दमानं न्यावं लागतं, आणि पांढऱ्या सदऱ्यातल्या हातानं शाबास म्हणत पुढं करावं लागतं.

विलास उठला. आता वर्ष होत आलं, त्यानं घेतलेली नाही. अंग अर्धं झालंय. सकाळी रोपवाटिकेत कामाला जातो, दुपारी झोपतो, संध्याकाळी लेकीला पाढे विचारतो. पण फेब्रुवारी लागला आणि गावाच्या खालच्या अंगाला पहिली वाफ उठली तसा तो अंगणात जाऊन उभा राहायला लागला. परवा म्हणाला, ‘दादा, त्ये लोक कच्ची उतरवायला लागल्यात. हितनं वास येतुय मला.’ त्याला जायचं आहे. जगात त्याला उत्तम येणारं ते एकच काम आहे. मी त्याला कुठल्या तोंडानं अडवू? सुवर्णानं फक्त विचारलं, ‘तितं बाटली असंल?’

आणि त्याच संध्याकाळी आबांचा फोन आला.

‘विलासला धाड रं. त्याच्याबिगर हळद नीट शिजत न्हाई. आणि शनवारी गाडी घिऊन ये, कॅन्टीनला जायचंय. हंगाम तोंडावर आलाय, गड्यांना काय दिऊ?’

‘व्हय आबा,’ मी म्हणालो. फोन ठेवल्यावर आपण काय म्हणालो ते मला ऐकू आलं. फोनवर माझ्या तोंडून दुसरं काही निघणारच नाही, हे मला कळून चुकलं. म्हणून कितीतरी वर्षांनी मी त्यांना पत्र लिहिलं. काल पोस्टात टाकलं. त्याची प्रत ही अशी.

तीर्थस्वरूप आबा यांस,
सा. नमस्कार.

शनिवारी मी गाडी घेऊन येणार नाही. यापुढं कॅन्टीनला तुम्हाला नेणार नाही. दवाखान्याला, बँकेला, लग्नाकार्याला, म्हणाल तिथं आणि म्हणाल तेव्हा नेईन. तिथं नाही. मागच्या हंगामातली पेटी मी माझ्या हातांनी गाडीत ठेवली होती. विलासच्या आजाराला तुम्ही दारू म्हणता. मी तिला आता आपली दोघांची बाटली म्हणतो, आणि तुम्हीही म्हणावं अशी माझी विनंती आहे.

कोटा वाया जातो असं तुम्ही म्हणता. जाऊ द्या. तुमच्या ट्रंकेत राहून जेवढं वाया जाईल त्याहून कितीतरी जास्त बाहेर येऊन गेलं आहे. दर वाढवा म्हणून आपण दोघं सरकारला सांगतो, आणि सरकारनं वाढवलेला दर तुमच्या अंगणात येऊन फुकट होतो. असं असेल तर मी पेपरात काय लिहू आणि वर्गात काय शिकवू?

तुम्ही हे वाईट बुद्धीनं केलं असं मी मरेपर्यंत म्हणणार नाही. तुम्हाला वाटलं, कष्ट केलेल्या माणसाला याहून मोठं काय द्यावं. पण आबा, तुम्हाला कष्ट केलेल्या माणसाला द्यायला दुसरं काही सुचलं नाही असं नाही. माझ्यासाठी सुचलं होतं. मला तुम्ही पुस्तकं दिलीत. मी परीक्षेत पहिला आलो तेव्हा तुम्ही मला पेन दिलंत. मला शाबासकी देताना तुमचा हात ट्रंकेकडं कधी गेला नाही. माझ्या वडिलांना देताना गेला, विलासला देताना गेला. मी हा प्रश्न इतकी वर्षं विचारला नाही, कारण त्यात माझा फायदा होता.

विलास तुमच्या रानात येईल. त्याला ते काम करायचं आहे, आणि ते करताना तो बरा दिसतो. मी कॉलेजात रजा टाकली आहे. कुकर लागेल त्या सकाळी त्याच्याबरोबर मीही येतो. बांधावर खुर्ची मांडू नका, मी गड्यांमध्ये असेन, ड्रम उपसायला. जमेल तसं करीन. दिवस मावळताना सगळे एका ओळीत उभे असतील आणि ओळीत पहिला मी असेन. तेव्हा तुम्ही बाटली घेऊन आलात, तर ती आधी माझ्या हातात द्यावी लागेल, बाजीरावासमोर, वच्छीआक्कांसमोर, सगळ्यांच्या देखत. दिवसभराचं काम मीही केलेलं असेल.

माझ्या हातात ती ठेवायला तुमचा हात धजणार नाही, हे मला पक्कं माहीत आहे. मग माझ्या शेजारी उभ्या असलेल्याच्या हातात कसा धजतो, तेवढं मला तिथं उभं राहून बघायचं आहे.

आपला,
दीपक